जैनबीचा मेहेर

चिडक्या माणसाबद्दल लोक म्हणतात, स्वभावच तसा आहे. जैनबीबद्दल बंदरावर सगळे हेच म्हणायचे आणि मला ते ऐकवत नसे. जैनबीचा राग हा स्वभाव नव्हता. त्याला कारण होतं, आणि ते कारण मी माझ्या हाताने, गोल शिक्का मारून, काउंटरच्या जाळीतून तिच्याकडे सरकवलं होतं.

मी पोस्टात होतो. माझं गाव दोडामार्गकडचं, काजूच्या बागांतलं. नोकरीने मला मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका लहान बंदरावर आणून टाकलं आणि तिथे मी चौदा वर्षं काढली. बंदरावर अर्धी वस्ती कोकणी मुसलमानांची. आमचं भाड्याचं घर जैनबीच्या घराला लागून होतं. मधे नुसता दगडांचा गडगा, तोही कमरेइतका. त्यामुळे तिचं बोलणं आमच्या घरात आणि आमच्या घरातलं तिच्याकडे, असं चौदा वर्षं चाललं.

बाजाराच्या टोकाला तिचं सुक्या मासळीचं दुकान होतं. बोंबील, सोडे, सुकट, खारवलेला बांगडा. दुकान म्हणजे चार खांबांवर पत्रा आणि खाली फळ्या. साठीला आलेली बाई, एकटी, पहाटेच्या नमाजानंतर जी तिथे जाऊन बसायची ती दुपारी जेवायला उठायची. मार्च ते मे आतल्या गावांतून शेतकरी काजूबी घेऊन बाजारात यायचे. बाकीचे दुकानदार बी मोजून तिचे रुपये करायचे आणि मग त्या रुपयांचा माल द्यायचे. जैनबी तसं करत नसे. दोन मापं बी, एक माप सुकट. संपलं. मी एकदा विचारलं, "जैनबी, रुपयात कित्याक नाय घेणत? सोपा पडात."

"कोणाक सोपा?" तिने विचारलं. "हो माणूस बी आनता, मी मासळी देतंय. तेका खावक गावता, माका इकूक गावता. मधी नोट कित्याक घुसडू? नोट मधी इली की एकाचा पोट सुटता आनी दुसऱ्याचा बसता."

तिचा नोटांवर रोष होता, पण ती काही वेडी नव्हती. नोटा घ्यायची, द्यायची, गल्ल्यात ठेवायची. फक्त त्यांच्यावर तिचा विश्वास नव्हता. तिच्या बोलण्यात पैसा आणि नोट हे दोन वेगळे शब्द होते आणि आपण ते एकाच्या जागी दुसरा वापरले तर ती तिथेच अडवायची. "काय गावला ता सांग, तो पैसो. कितीचो आकडो लिवलेलो आसा, ती नुसती नोट." माझ्या बायकोने, सुमनने, नवीन साडी दाखवली आणि किंमत सांगितली की जैनबी क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "म्हंजे दीड मण उकडे तांदूळ. म्हाग पडली गो." सुमन हिरमुसायची. पण पुढच्या खेपेला दुकानातच मनातल्या मनात तांदूळ मोजायला लागली, हे तिनेच मला सांगितलं.

मला बचत योजनांची खाती गोळा करायची असत. एका दुपारी मी जैनबीला पत्रक दाखवून समजावलं की अमुक वर्षांनी तुमची रक्कम दुप्पट होईल. तिने पत्रक उलटं-सुलटं केलं.

"काय दुप्पट होतला?"

"रक्कम."

"रक्कम होतली रे, ता कळला. बोंबील दुप्पट गावतले काय? आज हेच्यात जितके बोंबील येतत तेच्या दुप्पट तेवा येतले, असा लिवन दी. शिक्को मार. आत्ता भरतंय."

मी हसलो. मला ते अडाणीपणाचं वाटलं. आपण शिकलेली माणसं, आपल्याला आकड्याची सवय. आज ते हसणं आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

हे सगळं कुठून आलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते ठाऊक झालं त्या मनीऑर्डरच्या दिवशी.

आमचा पोस्टमन रजेवर होता. मनीऑर्डर जैनबीच्या नावाची होती, कोचीनहून आलेली. मी बाजारात निरोप पाठवला. ती हात पुसत आली. मी फॉर्म पुढे केला आणि म्हटलं, "जैनबी, एक हजार एक रुपये. इस्माईल नावाच्या माणसान धाडल्यान."

ती जाळीला धरून उभी राहिली.

"मजकूर वाच," ती म्हणाली.

मजकूर दोन ओळींचा होता. मी वाचला. "हजला जात आहे. मेहेर पाठवला. माफी असावी."

"परत वाच."

मी परत वाचला.

"कमिशन कापल्यान काय हेच्यातला?"

"नाय. कमिशन धाडणारो भरता. तुमचे हजार एक पुरे आसत."

"पुरे आसत," ती म्हणाली. तिने हा शब्द तीन-चार वेळा उच्चारला. मग बाकावर बसली आणि मला, म्हणजे पोस्टात तेव्हा असलेल्या सगळ्यांनाच, तिने तिची हकीकत सांगितली. आवाज चढलेला नव्हता. बंदरावर ती हकीकत जुन्या माणसांना ठाऊक होती, पण तिच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती.

जैनबी अठराची असताना इस्माईलशी तिचं लग्न ठरलं. तो जहाजावर नोकरीला लागलेला, देखणा. निकाहात नवऱ्याने बायकोला जे द्यायचं कबूल करायचं तो मेहेर. तो बाईचा हक्क, त्यावर बापाचा नाही, सासऱ्याचा नाही. लगेच द्यावा किंवा पुढे द्यायचं ठरवावं. तिच्या फुफूने, म्हणजे आत्याने, तिच्या बापाला सांगितलं होतं की मेहेर सोन्यात बांध. बापाला ते कमीपणाचं वाटलं. सोनं मागितलं तर पाहुणे म्हणतील, आमच्यावर भरवसा नाही. त्याऐवजी आकडा मोठा मागू. हजार एक रुपये. त्या काळी पुऱ्या बंदरात कुणाचा एवढा मेहेर बांधला नव्हता. मांडवात आकडा जाहीर झाला तेव्हा बाप ताठ मानेने चारी बाजूंना बघत होता. हजार रुपयांत तेव्हा दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या. सोनं म्हटलं तर साडेचार तोळे.

इस्माईल चार वर्षं आला-गेला. मग येईनासा झाला. पत्रं आधी लांबली, मग थांबली. तो कोचीनला उतरला आणि तिथेच त्याने दुसरा संसार मांडला, हे बंदरावरच्या एका खलाशाने येऊन सांगितलं. तलाक दिला नाही, नांदवलं नाही. जैनबीला मूल नव्हतं. बाप गेला, भाऊ मुंबईला गेले. तिने मासळीची टोपली उचलली.

आणि आता चाळीस वर्षांनी त्या माणसाला हजला जायचं होतं. हजला जाताना देणी चुकती करून, माणसांची माफी मागून जावं लागतं. त्याने कागद काढला असेल, कागदावर हजार एक लिहिलेले. त्याने हजार एक पाठवले. वर कमिशनही भरलं.

"तुमी नाकारू शकतात," मी म्हटलं. "मी परत धाडतंय. घेवक नाय म्हणान लिवतंय."

"आनी तो थय सांगतलो, मी दिलंय, तिनाच घेवक नाय. नको. दी." तिने फॉर्मवर सही केली, नोटा घेतल्या आणि उठली.

ती दुकानात गेली नाही. मच्छी मार्केटात गेली आणि त्या हजार एक रुपयांची एक सुरमई घेतली. विकणारी ओळखीची होती, ती कमी करत होती. जैनबीने कमी करू दिलं नाही. रुपयासुद्धा परत घेतला नाही. घरी येऊन तिने ती अंगणात स्वतः कापली आणि एकेक तुकडा केळीच्या पानात बांधून आळीत घरोघर नेऊन दिला. हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी. दारात उभी राहून एवढंच सांगायची, "माज्या म्हेराचो तुकडो आसा. खावा."

चौदा-पंधरा घरं झाली आणि मासा संपला. तिच्या स्वतःच्या घरी डोकं उरलं.

आमच्याकडेही तुकडा आला. सुमनने तो तळला आणि मी खाल्ला. मासा ताजा होता, चांगला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण खाल्ला.

संध्याकाळी ती काझीसाहेबांकडे गेली. काझीसाहेब वृद्ध, सौम्य माणूस. गावात कोणी त्यांच्याशी वरच्या आवाजात बोलत नसे. तिने विचारलं, "फिटलो हेचो म्हेर?" काझीसाहेब म्हणाले, "कागदार हजार एक होते, हजार एक इले. कागदाक इचारशीत तर फिटलो. अल्लाच्या दारात काय ता माका सांगूक येना नाय."

"तुमका येना नाय," जैनबी म्हणाली, "पन माका येता."

त्या दिवसापासून बंदरावरच्या एकाही लग्नाची सुटका झाली नाही. कुणाचा निकाह ठरला की जैनबी बोलावण्याची वाट न बघता मुलीच्या घरी जायची, थेट मुलीजवळ बसायची आणि विचारायची, "म्हेर किती? आनी कित्यात?" आई मध्ये बोलली तर तिला गप्प करायची. मुलगी म्हणायची, "अब्बांका ठाऊक." मग जैनबीचा पट्टा सुटायचा. "अब्बा नांदूक जातलो काय? तुजो हक्क आसा तर तू तोंड उघड. वजनात माग. तोळ्यात माग. आकडो मागू नको. आकडो थयच ऱ्हवता आनी दुनया फुडे जाता."

पुरुषांना ते आवडत नसे. म्हातारी लग्नात विघ्न आणते, असं म्हणत. काझीसाहेबांकडे तक्रारी गेल्या. काझीसाहेब म्हणाले, सोन्यात मेहेर बांधायला काहीच मनाई नाही, मुलीने मागितला तर तिला तसा द्यावा. पण पुढे होऊन ते स्वतः कोणाला सांगायचे नाहीत. जैनबीला या सौम्यपणाचाही राग यायचा. "चांगली माणसा," ती मला एकदा म्हणाली, "चांगली माणसा गप ऱ्हवतत म्हणानच वायटांचा चलता."

तो टोला कोणाला होता हे मला लगेच कळलं नाही. चार दिवसांनी कळलं.

माझी धाकटी बहीण लता आमच्याकडे राहायची. तिला नवऱ्याने टाकून वीस वर्षं होत आली होती. कोर्टाने पोटगी ठरवली होती, महिना तीनशे रुपये. ती मनीऑर्डर दर महिन्याला, मी नोकरीला असेन त्याच पोस्टात यायची. मी शिक्का मारायचो, लता सही करायची. वीस वर्षांत एकही महिना चुकला नव्हता आणि आम्ही त्याला चांगलं म्हणायचो. निदान वेळेवर पाठवतो, लोक तेवढंही करत नाहीत. लता शिवणकाम करून स्वतःचं भागवत होती.

जैनबीला हे सुमनकडून कळलं. ती भर दुपारी गडगा ओलांडून आमच्या पडवीत आली. मी जेवत होतो.

"तीनशे?" ती म्हणाली. "वीस वर्सां तीनशे? आनी तू शिक्को मारतंस?"

"जैनबी, कोर्टाचो हुकूम आसा तो."

"कोर्टान तेवा म्हयन्याचा पोट बगल्यान आनी तीनशे लिवल्यान. पोट तितक्याच आसा मा? तीनशेत आता काय येता? तुज्या भयणीचा पोट आटला काय?" तिने बोट माझ्या ताटाकडे दाखवलं. "हेच्यातला भयण किती खाता आनी तीनशेच्या वर किती तू घालतंस, केदवा बगलंस? माज्या घोवान तरी एकदाच केल्यान. तू दर म्हयन्याक करतंस."

मी ताट बाजूला सारलं. मला राग आला होता, तिचाच. शेजारणीने माझ्या घरात येऊन मला असं बोलावं! मी म्हटलं, "तुमचा दुख्ख आमच्यार काढू नकात." ती गडगा ओलांडून परत गेली. आतून शिवणयंत्राचा आवाज बंद झाला होता. लता दारात आली आणि म्हणाली, "दादा, ती खोटा काय बोलली?"

मी त्याच आठवड्यात सावंतवाडीला वकिलाकडे गेलो. पोटगी वाढवून मागता येते, एवढी साधी गोष्ट मला वीस वर्षं सुचली नव्हती. किंवा सुचली असेल आणि मी बाजूला सारली असेल. कोर्टकचेरी नको, लोक बोलतील, मिळतंय ते बंद व्हायचं. प्रत्येक तारखेला लताबरोबर जैनबी आली. बोलावलं नव्हतं. दुकान बंद ठेवून यायची आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायची.

तिसऱ्या तारखेला लताचा नवरा व्हरांड्यात भेटला. गृहस्थ दिसत होता, इस्त्रीचे कपडे. मला म्हणाला, "मी वीस वर्षांत एक महिना तरी चुकवला का? तुम्ही स्वतः पोस्टात आहात, तुम्हीच सांगा. याच्यावर हे फळ?" आणि खरं सांगतो, माझ्या तोंडून "नाही चुकवला" असं निघून गेलं.

जैनबी बाकावरून उठली. "चुकवक नाय," ती त्याला म्हणाली. "पन दिलंस काय ता सांग. पयल्या म्हयन्यात तीनशेचो बाजार पिशवीत घालून आनूक लागा. आज तीनशेचो बाजार मुठीत ऱ्हवता. पिशवी खंय गेली? तुज्याच घरात आसा मा ती?"

तो म्हणाला, "ह्या कोण?"

"शेजारीण," लता म्हणाली.

निकाल लागायला सात महिने लागले. तीन हजार झाले. पुरेसे नव्हतेच, पण तीनशेही नव्हते. घरी येताना बसमध्ये लता खिडकीशी बसून रडत होती. मला वाटलं आनंदाने. मी तसं म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "नाय दादा. माका वीस वर्सांचो राग येता हा." जैनबीने तिचा हात धरून ठेवला होता आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला समाधानासारखं काहीतरी दिसलं. राग दुसऱ्या कोणाला तरी आला, म्हणून असेल.

पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा बंदरावर अनेकांना वाटलं, आता जैनबीचं बोलणं ऐकायला मजा येईल. पोस्टासमोर रांग लागली ती मच्छी मार्केटापर्यंत. आणि त्या रांगेत जैनबी उभी होती. तिच्याकडे वीसेक हजारांच्या नोटा निघाल्या. नोटांना नावं ठेवणारी बाई, घरात नोटा दडवून होती. लोक हसले. एक जण म्हणाला, "काय जैनबी, तुमीसुदिक?" ती मान खाली घालून उभी राहिली. दोन दिवस अशी उभी होती, एक शब्द बोलली नाही. मी जाळीआडून विचारलं, "जैनबी, आज गप कशा?"

"राग काढूक समोर माणूस लागता रे," ती म्हणाली. "हय कोण आसा?"

मग हळू आवाजात म्हणाली, "आजारपणाक ठेवलेले. सोना रातोरात मोडूक येना नाय ना, म्हणान." तिचा पडलेला चेहरा मला बघवला नाही. ती चुकीची ठरली म्हणून नाही. जे तिला सगळ्यांहून जास्त कळत होतं, त्यातून तिचीही सुटका नव्हती म्हणून.

रुखसारचं लग्न त्याच्या नंतरचं. रुखसार आमच्या आळीतली, बारावी शिकलेली, वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात कामाला जायची. मुलगा रत्नागिरीकडचा. मुलाचा चुलता आखातात बरीच वर्षं राहून आलेला, खर्च त्याचाच होता आणि आवाजही त्याचाच. मी पुरुषांत बसलो होतो. मेहेर विचारला गेला तेव्हा चुलत्याने उभं राहून सांगितलं, "एक लाख, एक हजार, एकशे एक!" मांडवात वाहवा झाली. रुखसारच्या बापाने ताठ मानेने चारी बाजूंना बघितलं.

आणि बायकांच्या बाजूने, पडद्याआडून, जैनबीचा आवाज आला. "लाख म्हंजे किती तोळे?"

चुलता हसला. "चाची, लाख म्हणजे लाख."

"ता आज. ह्या चेडवाचे केस पिकतले तेवा लाख म्हंजे काय ता सांग."

"आम्ही काय पळून जाणार आहोत का? विश्वास आहे की नाही?"

"इश्वास आसा तर तोळ्यात लिव. इश्वास असलेल्याक काय फरक पडता?"

चुलत्याचा चेहरा उतरला. रुखसारचा बाप पडद्याजवळ जाऊन हात जोडायला लागला, "जैनबी, माजी इज्जत घालवू नकात, माजा चेडू आसा." जैनबी म्हणाली, "तुजा नाय. तेका इचार."  काझीसाहेब बसल्या जागी खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि मुलीच्या वकिलाला, म्हणजे निकाहात तिच्या वतीने बोलणाऱ्या मामाला, सांगितलं, "आत जाऊन मुलीक इचार. कित्यात व्हयो?" न विचारता ते पुढे होऊन बोलले, असं मी एकदाच पाहिलं.

मामा आत गेला आणि लगेच बाहेर आला. "सोन्यात मागता. तीन तोळे."

चुलता म्हणाला, असं असेल तर आम्ही उठतो. तो उठलाही. पण नवरामुलगा उठला नाही. सेहरा बाजूला सारून तो म्हणाला, "लिवा. तीन तोळे. लाखाचे आज तितकेच होतत. चाचा, बसा." चाचा बसला नाही. न जेवता गाडीत जाऊन बसला. निकाह झाला.

जैनबी त्या दिवशी दोनदा बिर्याणी घेऊन जेवली. आणि बाहेर पडताना रुखसारच्या बापाला म्हणाली, "माजो बापूस तुज्याच सारको ताठ बसलेलो." तो तिच्याशी पुढे दोन वर्षं बोलला नाही.

मी निवृत्त झालो आणि गावी परतलो. फोन व्हायचे. सुमन बोलायची, लता बोलायची. मागच्या वर्षी लताने सांगितलं, "दादा, जैनबीकडे तो इलेलो." मला आधी कळेना. तो म्हणजे इस्माईल. मी दुसऱ्या दिवशी एसटी धरून बंदरावर गेलो.

जैनबी पडवीत सुकट निवडत होती. सत्तरी ओलांडलेली, वाळलेली, नजर तीच. मी काही विचारायच्या आधीच सांगू लागली. कोचीनच्या संसारातला थोरला मुलगा गाडी करून त्याला घेऊन आला होता. चालता येत नाही, अर्धं अंग गेलेलं. मुलाने त्याला उचलून तिच्या पडवीत खुर्चीवर ठेवलं. मुलगा सज्जन वाटला, तिला अम्मी म्हणाला. वडिलांना झोप लागत नाही, तुमचं नाव घेतात, म्हणून आणलं, म्हणाला. येताना त्याने डबी आणली होती. साडेचार तोळे. मुलाने स्वतः हिशेब काढून, स्वतःच्या पैशाने केलेले.

"मगे?" मी विचारलं.

"मगे काय? बगलंय. चोख होता. झिलाक सांगलंय, तुजा सोना तुज्या बायलेक घाल. तुजो काय गुन्नो नाय."

"पण जैनबी, तुमीच सगळ्यांक सांगत इल्यात, सोन्यात—"

"म्हेर सोन्यात," ती एकदम ओरडली. "म्हेर! माजी चाळीस-पन्नास वर्सां कित्यात घालतलो तो? तोळ्यात? हयच्या पायरीर बसान मी एसटीचे गाडये मोजलंय, पावसाळे मोजलंय. तेका माप आसा काय तुज्या पोस्तात? सोन्याचा माप मी जाणतंय. ता म्हेराक पुरता. हेका पुरना नाय." तिच्या हातातलं सूप कलंडलं. सुकट जमिनीवर सांडली आणि ती एकेक काडी उचलू लागली. मीही खाली बसून उचलू लागलो.

सगळी उचलून झाल्यावर मी विचारलं, "तो काय बोललो?"

"तोंड वाकडा झाला तेचा. बोलूक येना नाय. डोळ्यातना पाणी काडी. झिलान सांगल्यान, माफी मागतत."

"केल्यात माफ?"

"नाय."

ती सूप पाखडू लागली. "तहान लागलेली तेका. पाणी दिलंय. धरूक येय ना, म्हणान मीच तोंडाक लावलंय. पाणी दिलंय, तितक्याच."

इस्माईल त्यानंतर दीड महिन्याने कोचीनला वारला. जैनबीने कळल्यावर दुकान बंद ठेवलं नाही, असं म्हणतात. कोणी म्हणतात, ठेवलं, पण तापामुळे. मी त्यात पडत नाही.

तिला भेटलो त्या दिवशी दुपारच्या गाडीने मी निघालो. ती मला सोडायला तिठ्यावरच्या थांब्यापर्यंत आली. सुमनसाठी सोड्यांची पुडी दिली आणि मी पैसे काढायला लागताच माझ्या हातावर चापट मारली. गाडी आली. मी चढलो, पुढची खिडकी धरली. मला वाटलं ती हात करील. तिने हात केला नाही. गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवली आणि घराच्या वाटेला लागली. आमची गाडीही त्याच रस्त्याने जायची होती. अरुंद रस्ता, दोन्हीकडे गडगे, आणि जैनबी बरोबर मधून चालली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पुन्हा दिला. गाडीतले लोक हसू लागले, कंडक्टरने दारातून हाक मारली. ती बाजूला झाली नाही. ड्रायव्हर शेवटी शिवी देऊन गप्प बसला आणि पन्नास माणसांनी भरलेली ती एसटी तिच्या चालीने, तिच्या मागून, तिच्या दारापर्यंत गेली.